गोऱ्ह्याच्या जोडीनं जन्मलेली कालवड गाभण राहील का? तिसऱ्या आठवड्यात करायची तपासणी

गाय जुळी व्याली आणि त्यात एक गोऱ्हा, एक कालवड निघाली, तर त्या कालवडीच्या बाबतीत एक गोष्ट पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा: ती वांझ असण्याची शक्यता फार मोठी आहे. अशा शंभर कालवडींमधल्या ९० ते ९५ आयुष्यात कधीच गाभण राहत नाहीत. पशुवैद्यक अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात.

बाहेरून ती इतर कालवडींसारखीच दिसते. खाते-पिते, वाढते, अंगानं भरते, बऱ्याचदा सोबतच्या कालवडींपेक्षा देखणीही दिसते. शंका यायला लागते ती दीड वर्षानंतर, माज दिसत नाही म्हणून. मग इंजेक्शनं, गोळ्या, कुणी सांगितलेलं मोड आलेलं धान्य, असं करत आणखी सहा-आठ महिने जातात. तोवर पोटात किती गेलं त्याचा हिशेब करून बघा. सुरुवातीच्या ७० दिवसांत रोज साडेतीन लिटर धरलं तर २४५ लिटर दूध. पुढे दोन वर्षं रोज सरासरी दीड किलो खुराक धरला तर हजार किलोच्या वर. हिरवा चारा सात-आठ टन. हे सगळं वाचवणारी तपासणी वासरू दोन-तीन आठवड्यांचं असताना पंधरा मिनिटांत होते, आणि तिला लागणारं साहित्य शंभर-दोनशे रुपयांच्या आत येतं.

कोणत्या कालवडी तपासायच्या

गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली प्रत्येक कालवड. गोऱ्हा मेलेला जन्मला असला तरी. जन्मल्यावर तासाभरात गेला असला तरी. तिळी झाली आणि त्यात एक जरी गोऱ्हा असला, तर बाकीच्या सगळ्या कालवडी.

दोन्ही कालवडीच असतील तर या कारणासाठी तपासायची गरज नाही; त्या नेहमीसारख्या फळतात. जुळ्यातल्या गोऱ्ह्यावर याचा परिणाम बराच कमी होतो. पण तो वळू म्हणून ठेवायचा विचार असेल तर वीर्यतपासणी केल्याशिवाय ठेवू नका.

एकटी जन्मलेली कालवडही क्वचित फ्रीमार्टिन निघते. गाभणकाळात सुरुवातीला पोटात जुळं असतं, गोऱ्ह्याचा गर्भ मध्येच जिरून जातो किंवा सुकतो, आणि व्यायच्या वेळी एकटी कालवड बाहेर येते. असं क्वचितच होतं म्हणून प्रत्येक एकट्या कालवडीत नळी घालत बसायचं कारण नाही. मात्र व्याल्यावर वारेबरोबर सुकलेला, तपकिरी, चामड्यासारखा गोळा पडला असेल, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी सोनोग्राफीत जुळं सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात एकच झालं असेल, तर ती कालवड तपासण्याच्या यादीत घ्या.

हे होतं कशामुळे

गाईच्या पोटात जुळे गर्भ असले की बहुतेक वेळा त्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. साधारण ३० ते ४० दिवसांच्या गाभणकाळात हे घडतं आणि दोघांचं रक्त एकत्र फिरू लागतं. नर गर्भाचं अंडकोष मादीच्या अंडाशयापेक्षा लवकर तयार होऊन कामाला लागतं. त्यातून जे संप्रेरक निघतं त्याचं कामच मुळी नराच्या शरीरात गर्भाशय तयार होऊ न देणं हे आहे. तेच संप्रेरक रक्तातून बहिणीकडे जातं आणि तिचंही गर्भाशय, गर्भाशयमुख आणि योनीचा आतला भाग घडायचा थांबतो. अंडाशयं खुरटतात, कधी त्यांना अंडकोषासारखं रूप येतं. बाहेरचा भाग, म्हणजे निरण, वेगळ्या ऊतींपासून बनतो. म्हणून तो ठीक दिसतो आणि माणूस फसतो.

शिकागोचे शास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी १९१६-१७ मध्ये ही कारणमीमांसा मांडली. १९४५ मध्ये शास्त्रज्ञ रे ओवेन यांनी दाखवलं की अशा जुळ्यांच्या रक्तात दोघांच्याही रक्तपेशी आयुष्यभर नांदतात. कालवडीच्या रक्तात भावाच्या पेशी सापडतात, आणि आजची रक्ततपासणी त्यावरच उभी आहे.

ज्या पाच-दहा कालवडी वाचतात, त्यांच्या बाबतीत वारेतल्या वाहिन्या जुळलेल्याच नसतात, किंवा फार उशिरा जुळतात. म्हणून सरसकट "गोऱ्ह्याबरोबरची आहे, काढून टाका" हे बरोबर नाही आणि "बघू मोठी झाल्यावर" हेही नाही.

शेळ्या पाळणारे इथे हमखास विचारतात, की शेळी तर दर वेताला बोकड-पाट जुळं देते, मग त्या पाटी कशा गाभण राहतात? शेळ्या-मेंढ्यांत वारेच्या वाहिन्या अशा जुळणं फार क्वचित घडतं. शेळीत नर-मादी मिश्र पिल्लू जन्माला येतं ते बहुतेकदा बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळीवर वापरल्यानं. ते प्रकरण वेगळं. म्हशीत जुळी मुळातच कमी होतात, पण रेड्याबरोबर पारडी झाली तर नियम गाईचाच लावा.

साहित्य

- प्लॅस्टिकची, गोल बुडाची परीक्षानळी, १५ सेंटिमीटर लांब आणि १२ ते १६ मिलिमीटर जाड, म्हणजे साधारण करंगळीएवढी. जर्सी किंवा देशी गाईचं लहान वासरू असेल तर १२ मिलिमीटरचीच घ्या. काचेची नळी नको. वासरानं उडी मारली तर ती आत फुटते.
- द्रव पॅराफिन किंवा दवाखान्यात मिळणारी वंगण जेली. साबण नको, झोंबतो. गोडेतेल, मोहरीचं तेल नको.
- कोमट पाणी, पोव्हिडोन आयोडीन, स्वच्छ कापूस, हातमोजे.
- सेंटिमीटरची पट्टी.
- वासरू धरायला एक माणूस.

पेन्सिल, सायकलची तार, सलाइनची नळी आणि कृत्रिम रेतनाची शीथ वापरू नका. बारीक आणि टोकदार वस्तू वासराच्या नाजूक योनीला भोक पाडते, आणि त्या भोकातून पोटात गेलेली घाण वासरू मारते. शिवाय बारीक वस्तू मूत्रमार्गात शिरली तर ती खोल जाते आणि "योनी लांब आहे" असा खोटा दिलासा मिळतो.

नळी दहा मिनिटं पाण्यात उकळा, गार होऊ द्या. हात लावून तोंडाकडची बाजू आणि बूड दोन्ही बघा. कुठे कंगोरा लागत असेल तर ती नळी बाद.

तपासणीचं वय

१ ते ४ आठवडे. सगळ्यात सोयीचा तिसरा आठवडा. पहिल्या आठवड्यात सगळं फारच नाजूक आणि सुजलेलं असतं, नाळही वाळलेली नसते. महिन्यानंतर वासरू वाढतं तशी योनीची लांबीही बदलते, आणि खाली दिलेली मापं लागू पडत नाहीत. दोन महिन्यांच्या कालवडीत नळी आठ सेंटिमीटर गेली, याचा या मापांवरून काही अर्थ लावू नका.

तपासणी, पायरीपायरीनं

१. वासराला दूध पाजून झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं घ्या. भुकेलं वासरू स्थिर राहत नाही. उभंच ठेवा, एक बाजू भिंतीला लावा. मदतनीसानं एक हात मानेखाली आणि दुसरा मांडीपुढे घालून धरावं. आडवं पाडू नका. पोटावर दाब येऊन ते कुंथतं.

२. शेपटी बाजूला धरा. निरण कोमट पाण्यानं धुवा, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीननं पुसा, मग कोरडी करा. पुसणं नेहमी वरून खाली. गुदद्वाराची घाण निरणात ओढली जाता कामा नये.

३. पुसतानाच बाहेरून निरीक्षण करा. निरण फार लहान आहे का? खालच्या टोकाला लांब, राठ केसांचा झुपका आहे का? आतला दाणा नेहमीपेक्षा मोठा, बाहेर डोकावणारा आहे का? सड अगदी बारीक आहेत का? असल्यास लिहून ठेवा. यावरून निकाल मात्र देऊ नका. ही लक्षणं बऱ्याच फ्रीमार्टिनमध्ये जन्मतः नसतात, आणि केसांचा झुपका चांगल्या कालवडीतही दिसतो.

४. नळीच्या बुडाकडच्या अर्ध्या भागाला जेली लावा. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं निरणाच्या पाकळ्या अलग करा.

५. नळीचं गोल बूड आत सरकवताना टोक किंचित वरच्या दिशेला, पाठीच्या कण्याकडे ठेवा. पहिले तीन-चार सेंटिमीटर असंच जाऊ द्या, मग नळी आडवी करा. या पायरीला घाई करू नका. योनीच्या तळाशी, मूत्रमार्गाच्या तोंडाजवळ, एक छोटी आंधळी पिशवी असते. टोक खाली झुकलं की नळी त्या पिशवीत अडकते आणि चांगल्या कालवडीलाही "वांझ" ठरवलं जातं.

६. नळी दोन बोटांत हलकी धरा, मुठीत आवळू नका. बोटांना आतला स्पर्श कळला पाहिजे. हलकेच फिरवत पुढे सरकवा.

७. पाचेक सेंटिमीटरवर किंचित अडथळा लागू शकतो. चांगल्या कालवडीतही तिथे पडद्याची कडा असते. ढकलू नका, तेवढाच हलका दाब चार-पाच सेकंद धरून ठेवा. चांगल्या कालवडीत जागा हळूच मोकळी होते आणि नळी पुढे सरकते. फ्रीमार्टिनमध्ये भिंतीला टेकल्यासारखं वाटतं, कितीही वेळ धरा.

८. नळी थांबली की निरणाच्या कडेला लागून अंगठ्याचं नख नळीवर टेकवा, तसंच धरून बाहेर काढा आणि टोकापासून नखापर्यंत पट्टीवर मोजा. नळीवर आधी शाईच्या खुणा करून ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण जेलीनं शाई पुसते.

९. नळी थोडी कोरडी करून पुन्हा जेली लावा आणि मोजमाप आणखी एकदा घ्या. दोन्ही वेळचं माप जवळपास सारखं यायला हवं. फरक मोठा असेल तर एकदा नळी त्या तळाच्या पिशवीत गेली होती असं समजा आणि मोठं माप खरं धरा.

१०. नळीवर रक्त दिसलं तर तिथेच थांबा. दोन दिवस वासराचं दूध पिणं, ताप, कुंथणं यावर लक्ष ठेवा. काहीही बिघडल्यास डॉक्टरांना बोलवा.

पहिल्यांदाच करत असाल तर आधी त्याच वयाच्या एकट्या जन्मलेल्या कालवडीवर हीच तपासणी पशुवैद्यकाच्या किंवा पशुधन पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करून बघा. चांगल्या कालवडीत नळी किती सहज जाते हे एकदा हाताला कळलं की दुसऱ्या वासरात चूक होत नाही. दोन वासरांच्या मध्ये नळी धुऊन पुन्हा उकळायची, हे विसरू नका.

मापाचा अर्थ

१२ सेंटिमीटर किंवा जास्त: योनी पूर्ण घडली आहे. कालवड चांगली असण्याची शक्यता बरीच आहे, पण गोऱ्ह्याबरोबरची असेल तर रक्ततपासणी केल्याशिवाय खात्री धरू नका. काही थोड्या फ्रीमार्टिनमध्ये योनी लांब असते आणि बिघाड पुढे, गर्भाशयमुखात किंवा गर्भाशयाच्या शिंगांत, म्हणजे त्याच्या दोन फांद्यांत, असतो.

५ ते ८ सेंटिमीटर: गोऱ्ह्याबरोबरची असेल तर फ्रीमार्टिन समजा. सगळ्यात जास्त वेळा हेच माप येतं.

८ ते १२ यांच्या मधलं: आठवड्यानं पुन्हा मोजा, वय चार आठवड्यांच्या आत ठेवून. तरीही मधलंच आलं तर रक्त पाठवा.

एकट्या जन्मलेल्या कालवडीत माप कमी आलं तर तिला लगेच फ्रीमार्टिन ठरवू नका. योनीतला पडदा न उघडल्यामुळेही नळी अडते. अशा कालवडीची अंडाशयं चांगली असतात. ती मोठी झाल्यावर २१ दिवसांनी नियमित माजावर येते, पण सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, बाहेर पडत नाही. आत साचतो, आणि माजानंतर ती कुंथते. पडदा पातळ असेल तर डॉक्टर तो उघडू शकतात. गर्भाशयाचा किंवा योनीचा एखादा तुकडाच घडलेला नसेल तर मात्र इलाज नाही.

रक्ततपासणी

नळीच्या तपासणीला दुजोरा हवा असेल, किंवा कालवड चांगल्या आईची, सिद्ध वळूच्या रेतनाची, म्हणजे जपण्याजोगी असेल, तर रक्तावर खर्च करा. ही तपासणी जन्मल्यापासून कोणत्याही वयात होते.

तपासणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात रक्तात नराचं गुणसूत्र, म्हणजे वाय गुणसूत्र, आहे का ते पीसीआर पद्धतीनं बघतात. त्यासाठी जांभळ्या टोपणाच्या, ईडीटीए असलेल्या नळीत ३ ते ५ मिली रक्त घ्यायचं. घेतल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, नाहीतर गाठी होतात आणि नमुना बाद होतो. बर्फाच्या पिशवीत ठेवून पाठवायचं, पण गोठवायचं नाही. दुसऱ्या प्रकारात जिवंत पांढऱ्या पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. त्यासाठी हिरव्या टोपणाची, हेपारिनची नळी लागते आणि रक्त एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचावं लागतं.

रक्त मानेच्या शिरेतून डॉक्टरांकडूनच काढून घ्या. काढण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून तीन गोष्टी विचारा: कोणती नळी, किती रक्त, कोणत्या वारी पोचलेलं चालतं. शनिवारी पाठवलेला नमुना सोमवारपर्यंत कुरिअरच्या गोदामात पडून राहतो. कोणती प्रयोगशाळा ही तपासणी करते ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं जे पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ असेल तिथे विचारा. परळ (मुंबई), शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर इथे ही महाविद्यालयं आहेत.

केस उपटून किंवा कानाचा तुकडा घेऊन ही तपासणी करून घेऊ नका. भावाच्या पेशी कालवडीच्या रक्तात असतात. केसांच्या मुळात तिच्या स्वतःच्याच पेशी. केसांवरचा अहवाल "मादी, सर्व ठीक" असा येईल आणि कालवड वांझच राहील.

रक्तात नर पेशी सापडल्या तर विषय संपला. नाही सापडल्या तर ती त्या पाच-दहांमधली समजा आणि निश्चिंतपणे वाढवा.

वासरूपणी तपासणी राहून गेली असेल तर

कालवड ८ ते १२ महिन्यांची झाली की डॉक्टर गुदद्वारातून हात घालून तपासू शकतात. अंगानं लहान असेल तर सोनोग्राफी बरी. चांगल्या कालवडीत ओटीपोटाच्या तळाशी बोटाएवढं, टणक गर्भाशयमुख लागतं. त्यापुढे मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली गर्भाशयाची दोन शिंगं आणि बाजूला बदामाएवढी अंडाशयं. फ्रीमार्टिनमध्ये गर्भाशयमुख सापडत नाही, शिंगांच्या जागी दोरीसारखे धागे लागतात किंवा काहीच लागत नाही. गर्भाशयमुखच नाही, ही खूण सगळ्यात भरवशाची.

ही तपासणी झाल्याशिवाय माजाचं इंजेक्शन घेऊ नका, हे आमचं कळकळीचं सांगणं आहे. माजावर आणणारी औषधं असलेल्या अंडाशयाला जागं करतात. जिथे अंडाशय आणि गर्भाशयच नाही, तिथे ती काही करू शकत नाहीत. चार-चार वेळा संप्रेरकांचा कोर्स दिलेली आणि एकदाही हात घालून न तपासलेली कालवड, हे चित्र गोठ्यागोठ्यांतून दिसतं. त्यात दोष कालवडीचा नसतो. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, "ही गोऱ्ह्याबरोबर झाली होती." या एका वाक्यानं निदान निम्मं होतं.

जुळ्यातली नाही, तरी माज नाही

इथे बहुतेक वेळा भानगड वजनाची असते. कालवड वयानं नाही, वजनानं माजावर येते. पूर्ण वाढ झालेल्या गाईच्या ४० ते ४५ टक्के वजन झालं की पहिला माज, आणि ६० ते ६५ टक्क्यांवर भरवायचं. होल्स्टीन संकरित कालवडीत हे भरवायचं वजन २५० ते २७५ किलो, जर्सी संकरितात २०० ते २२५ किलो. जन्मतः ३० किलोचं वासरू रोज ५०० ग्रॅम वाढलं तर १५ महिन्यांत २५५ किलो होतं. रोज ३०० ग्रॅमच वाढलं तर त्याच वजनाला दोन वर्षांहून जास्त लागतात. गीर, खिल्लार, देवणी या कालवडी मुळातच उशिरा येतात. त्यांना दोन-अडीच वर्षांपर्यंत वेळ द्या.

वजनकाटा नसला तरी टेप चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६० म्हणजे किलो. घेर ६० आणि लांबी ४६ इंच असेल तर सुमारे २५१ किलो. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, सकाळी चारा टाकण्याआधी मोजा आणि लिहा.

वजन कमी असेल तर आधी जंतनाशक, रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण, आणि निव्वळ कडबा-उसाच्या वाढ्यांऐवजी डाळवर्गीय हिरवा चारा व खुराक. माती चाटणं, लघवी पिणं, दोर चघळणं ही खनिजांच्या कमतरतेची चिन्हं आहेत.

वजन पुरेसं असूनही माज दिसत नसेल तर मुका माज असू शकतो. पहाटे आणि रात्री उशिरा, प्रत्येक वेळी २० मिनिटं, दावं सोडून बघा. काचेसारखा, तार धरणारा सोट, वारंवार लघवी, हंबरणं, दुसरी अंगावर चढली तर स्थिर उभं राहणं. डॉक्टरांकडून दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा तपासून घ्या. दोहोंपैकी एकदा तरी अंडाशयावर पिवळी गाठ सापडली तर कालवड माजावर येते आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच.

विकत घेताना

काष्टी, लोणी, घोडेगावसारख्या बाजारात १०-१२ महिन्यांची टुमदार कालवड घेताना ती जुळ्यातली आहे का, हे सरळ विचारा. १ जून २०२४पासून कानात १२ अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री राज्यात बंद आहे. त्या क्रमांकावरची नोंद बघून घ्या. आईनं एकाच तारखेला दोन वासरं दिली असतील तर ते तिथे कळू शकतं. उत्तर गोलमोल आलं तर डॉक्टरांकडून हात घालून तपासल्यानंतरच पैसे द्या. गाभण कालवडीला अर्थातच हा प्रश्न नाही.

कालवड फ्रीमार्टिन निघाली तर

परदेशी पुस्तकांत सोपं उत्तर असतं: मांसासाठी वाढवा. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६च्या प्राणिसंरक्षण कायद्यानं बंद आहे आणि २०१५च्या दुरुस्तीनं बैल-वळूही त्यात आले. तेव्हा इथे निर्णय वेगळा घ्यावा लागतो, आणि लवकर कळण्याचं मोल इथे अधिकच आहे.

शेण-मूत्रासाठी ठेवायची असेल तर ठेवा, पण तिला दुधाच्या कालवडीचा खुराक लावू नका. सुका चारा, थोडा हिरवा, खनिज मिश्रण आणि लसीकरण एवढ्यावर ती निरोगी राहते. काही फ्रीमार्टिन मोठ्या झाल्यावर माजावरच्या गाईंवर चढतात. मुक्त गोठ्यात माज ओळखायला त्यांचा चांगला उपयोग होतो. दुसऱ्याला द्यायची असेल तर ती फळणार नाही हे सांगूनच द्या, आणि चिठ्ठीवर तसं लिहा.

जुळी देणाऱ्या त्या गाईकडेही लक्ष हवं. जुळ्यानंतर वार अडकणं, गर्भाशयात पू होणं आणि पुढे उलटणं, म्हणजे भरवूनही गाभण न राहणं, नेहमीपेक्षा जास्त होतं. वार बारा तासांत पडली नाही तर ओढू नका, डॉक्टरांना बोलवा. पुढच्या वेताला ती गाभण राहिली की ३५ ते ६० दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करून पोटात किती आहेत ते बघून घ्या. एकदा जुळी दिलेली गाय पुन्हा देण्याची शक्यता जास्त असते. लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरल्या तर दहातली साधारण नऊ वासरं मादी होतात. जुळं झालंच तर त्यात गोऱ्हा असण्याची शक्यता त्यानं बरीच कमी होते.